सुनेचं काम

परभणी
१८ फेब्रुवारी २०२४

सिद्धोधन,

आईचा जयभीम घे आणि उठून जाऊ नकोस. फोनवर मी नीलमचं नाव काढलं की तुझी मीटिंग सुरू होते. कागदाला मीटिंग सांगता येत नाही, म्हणून लिहिते. नागपूरला तू घर बदललंस आणि पत्ता कळवला नाहीस, तेव्हा हे तुझ्या ऑफिसात येईल. बाजूच्या टेबलावरच्याला सांग, आईचं आहे.

पहिली बातमी. ताडकळसचं घर बंद करून मी संक्रांतीनंतर परभणीला नीलमकडे राहायला आले. कोणी बोलावलं नव्हतं. पिशवी घेऊन दारात उभी राहिले तर ती म्हणाली, "आत्या, किती दिवस?" मी म्हणाले, "तुझी पीएचडी होईस्तोवर." ती म्हणाली, "मग अजून एक गादी लागंल." आणि चहा ठेवला. झालं एवढंच. दोघी खुशाल आहोत.

नोव्हेंबरात तू ऑफिसातल्या दोघांना घेऊन ताडकळसला आला होतास. नीलम बाजारातून आली, हातात पिशवी. तुझ्या साहेबानं सहज विचारलं, मॅडम काय आणलं? तिनं सहज सांगितलं, कोंबड्यांची आतडी. तुझा चेहरा मी तेव्हाच पाहिला. ते गेल्यावर तू तिला म्हणालास, "आज्यानं जे खांद्यावरून टाकलं ते तू हौसेनं डोक्यावर घेऊन फिरतीस. हे सोड आणि नागपूरला चल, न्हाईतर येऊच नको." तिनं हात धुतले, तुला जेवायला वाढलं. सकाळी तू गेलास. मी मधे बोलले नाही, कारण नवराबायकोचं होतं. पण आज्याचं नाव तू घेतलंस, आणि ते माझे सासरे होते, म्हणून आता बोलते.

त्यांचं खरं काय होतं ते तुला माहीत नाही, तू लहान होतास. मी नवी नवरी असताना सिताराममामंजींनी मला सांगितलं होतं. पाटलाचा बैल मेला. निरोप आला, ओढायला या. मामंजींनी निरोप्याला सांगितलं, येत नाही. दीक्षा घेऊन नुकतंच वर्ष झालं होतं. त्या दोन शब्दांपायी गावानं विहीर बंद केली, मजुरी बंद केली. म्हातारपणी ही गोष्ट सांगताना ते मेलेल्या बैलाबद्दल कधी बोलायचे नाहीत. 'येत नाही' म्हणताना आपला आवाज कसा निघाला होता, ते सांगायचे, आणि पुन्हा तस्साच काढून दाखवायचे.

नीलमला कोणी निरोप धाडत नाही. ती स्वतःहून जाते. नको वाटलं तर उद्या सोडेल. तिला बघून कोंबडीवाला खुर्ची पुसून देतो. हे आणि ते तुला एकच दिसतं, तर चष्मा तुला लागलाय.

ती काय करते ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मी विचारलं. कोंबडीच्या, बकरीच्या आतड्यात एक जंतू राहतो. कॅम्पिलोबॅक्टर. नाव पाठ करायला मला आठवडा गेला. कोंबडीला तो काही करत नाही. पण कच्च्या मांसावरून, न उकळलेल्या दुधातून, न धुतलेल्या हातांवरून माणसाच्या पोटात गेला तर हगवण लावतो, रक्त पाडतो. आपल्या जिल्ह्यात लेकरांना हगवण लागते ती किती वेळा याच्यामुळे, आणि हा कुठून येतो, ते आजवर इथं कुणी नीट शोधलेलंच नाही म्हणे. नीलम शोधते. पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या राजेश्री मॅडम तिच्या गाइड.

तीस वर्षं मी अंगणवाडी चालवली. हगवणीनं गेलेली लेकरं मी हातांवर घेतलेली आहेत. म्हणून मला हे काम कळतं.

नीलमला या पत्राचं माहीत नाही. सांगणार पण नाही.

तुझी आई


परभणी
३१ मार्च २०२४

सिद्धोधन,

तुझा मेसेज आला. "पत्र मिळालं. तब्येत सांभाळ." चार शब्द लिहायला तुला सहा आठवडे लागले, तरी चांगलं आहे.

या महिन्यात मी नीलमबरोबर ताडकळसला तीनदा जाऊन आले. तिला हगवण लागलेल्या लेकरांची शी तपासायला पाहिजे. कोंबडीवाले आतडी देतात, बकरीवाले लेंड्या देतात, पण माणसाची शी मागायला गेलं की माणसं हसतात नाहीतर भांडतात. नीलम एकटी गेली तेव्हा एकीनं तिच्या हातातली डबी बघून दार लावून घेतलं होतं. म्हणून मी म्हणाले, मी येते. माझ्या हातची सुकडी खाऊन मोठ्या झालेल्या पोरींनाच आता लेकरं झालीत, मला कोण दार लावणार?

तरी सोपं गेलं नाही. गावाबाहेर मेंढरांचे वाडे आहेत ना, तिथं भुजंगचं घर. त्याची बायको बानूबाई. त्यांची चंदा आपल्याच अंगणवाडीत होती, आता पहिलीत आहे. पोरगी बाजेवर पडलेली, पोट धरून. आम्ही गेलो तर बानूबाई म्हणाली,

"बाई, दवा द्या, पावडर द्या, काय बी द्या. पर घाण न्यायची कशापायी? लोक नख नेतेत, केस नेतेत, ते कशाला नेतेत मला मालूम हाय."

मी म्हणाले, "बानू, तुझ्या पोरीला करणी करायला मला तिची शी लागंल का गं? पाच वर्षं माझ्याच मांडीवर करत होती."

ती हसली. भुजंग बाहेर मेंढरं हुसकत होता, तो पण हसला. नीलमनं डबी दिली. क्षारांच्या पुड्या दिल्या, पाणी कसं पाजायचं ते दाखवलं. मग ती घरात फिरून बघायला लागली. कोंबडीची पिल्लं कोपऱ्यात टोपलीखाली, तिथंच चूल, तिथंच चंदाचं अंथरूण. पोरगी एका पिल्लाला गालाशी धरून झोपते. नीलमनं तिला विचारलं, "हे तुझं का?" चंदा म्हणाली, "ह्याचं नाव सुरज हाय." नीलमनं सुरजच्या टोपलीखालची पण घाण घेतली. बानूबाई म्हणाली, "ह्या बाईला घाणीचं लय याड हाय." नीलम म्हणाली, "हाय खरं."

डबी त्याच दिवशी परभणीला आणावी लागते, उघड्यावर राहिला की हा जंतू मरतो. याचे नखरे फार. याला आपल्याइतकी हवा सोसत नाही. थाळीत कोळशाची भुकटी घातलेलं काळं खाद्य थिजवलेलं असतं, त्यावर शी फिरवतात. थाळ्या बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवतात आणि झाकण दाबून लावतात. मेणबत्ती आतली हवा खाऊन आपोआप विझते, उरते तेवढी याला पुरते. कॉलेजात त्यासाठी विकतच्या पुड्या पण आहेत, पण त्या संपल्या की नीलम मेणबत्ती काढते. आणि ऊब लागते बेचाळीस अंश, कोंबडीच्या अंगाइतकी. मी म्हणाले, मग मशीन कशाला, एप्रिलात खिडकीत ठेव. राजेश्री मॅडम लय हसल्या.

मला लॅब दाखवायला त्यांनीच नेलं. चंदाची थाळी निघाली तेव्हा मी तिथं होते. काळ्यावर पाण्याचे थेंब शिंपडावेत तसं काहीतरी पसरलेलं. नीलमनं त्यातलं थोडं काचेवर घेतलं, यंत्राखाली धरलं, बराच वेळ बघत राहिली आणि मग उठून मला तिच्या स्टुलावर बसवलं. सिद्धोधन, मी पाहिला. लांबून उडणारं पाखरू चित्रात काढतात ना, दोन पंखांची रेघ, तसा वाकडा. आणि एक जागी थांबत नाही. गिरमिट लाकडात शिरतं तसा फिरत फिरत पुढं जातो.

इतकी वर्षं ज्यानं माझी लेकरं नेली, त्यातला एक मी डोळ्यांनी पाहिला. माझ्या सुनेनं त्याला धरला होता.

चंदाची हगवण थांबली. पत्र लिहायला वेळ नसेल तर मेसेज कर, मला वाचता येतो.

आई


परभणी
२१ एप्रिल २०२४

सिद्धोधन,

या पत्रात बरंच आहे, बसून वाच.

जयंतीला आम्ही ताडकळसला गेलो होतो. सकाळी झेंड्याजवळ वंदना झाली, मिरवणुकीची जीप सजवायला पोरं लागली होती. तेवढ्यात मेंढरांच्या वाड्याकडून पाचपन्नास माणसं आली. पुढं तात्याराव, गावात ज्यांचा शब्द चालतो ते. मागं भुजंग. भुजंग माझ्याकडं बघेना.

तात्याराव म्हणाले, "सगुणाबाई, आमच्या लेकरांनी तुमच्या हातचं खाल्लं. तुमच्याबद्दल आमी कदी वावगं बोललो न्हाई. पर ह्याच्या पोरीची घाण तुमी नेली आन् पोरीचे पाय गेले. आता ह्याला काय म्हणायचं ते तुमीच सांगा."

मागून कोणीतरी म्हणालं, करणी केली. कोणीतरी आपल्या वस्तीचं नाव घेऊन बोललं. आपली पोरं पुढं सरकली. थोडी गडबड झाली, किरकोळ. आणि त्यात नीलम पुढं जाऊन भुजंगला विचारते, "पाय गेले म्हणजे काय? दुखतात का हलतच नाहीत? कधीपासून?"

भुजंग बोलला. परवा पायाला मुंग्या आल्या म्हणाली. काल उठता येईना. आज बसवली तर कलंडते.

"चंदा कुठं आहे?" एवढं म्हणून नीलम चालायलाच लागली. अख्खा गाव तिच्या मागं.

चंदा बाजेवर. डोळे टकटक, बोलत होती, पण पाय ओल्या कपड्यासारखे. नीलमनं तिला काठावर बसवून गुडघ्याखाली तळहाताच्या कडेनं हलकेच टपली मारली. पाय उडाला नाही. दुसरा पण उडाला नाही. तात्याराव म्हणाले, "तुमी तर जनावराच्या डॉक्टर." ती म्हणाली, "जी. गुडघ्याची नस मात्र सगळ्यांचीच सारखी असते." मग तिनं चंदाला मोठा श्वास घ्यायला लावला आणि नीलमचं तोंड उतरलं. ते माझ्याशिवाय कोणाला कळलं नसेल.

ती बानूबाईला म्हणाली, "हिला आत्ता नांदेडला न्यायचं. मोठ्या सरकारी दवाखान्यात. आत्ता म्हणजे आत्ता. हे वर चढत चाललंय. छातीपर्यंत गेलं तर श्वास अडंल."

भुजंगचे भाऊ म्हणाले, गंगाखेडला एक बाबा आहेत, उतरवतात, आधी तिकडं. पाचजण पाच बोलत होते. बानूबाईनं कोणाचंच ऐकलं नाही. माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"बाई, पोरगी तुमच्यात बसून क, ख शिकली. ह्या लोकायचं राहू द्या. तुमी सांगा, नेऊ का?"

सिद्धोधन, नीलमला खात्री होती ती पुस्तकाची होती. मला कसलीच नव्हती. वाटेत पोरीला काही झालं असतं तर ताडकळसमध्ये आपलं घर उभं राहिलं नसतं, हे मला पक्कं कळत होतं. मी नीलमकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती, चंदाच्या छातीकडं बघत होती.

मी म्हणाले, "ने."

गाडी नव्हती. आपल्या पोरांनी मिरवणुकीच्या जीपवरचे भोंगे उतरवले, बसायला सतरंजी अंथरली. निळे झेंडे काढायला वेळ नव्हता, ते तसेच राहिले. मेंढरवाल्यांची पोरगी, तिची माय, बाप, मी आणि नीलम, असे आम्ही पूर्णेवरून नांदेडला गेलो. वाटेत जिथं जिथं जयंती होती तिथं लोक जीपला हात करायचे. नीलम पूर्ण रस्ता चंदाला आकडे मोजायला लावत होती. एका दमात किती म्हणते ते बघायचं असतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं तपासलं, पोलिओची लस दिली का विचारलं, आणखी तपासण्या लिहायला लागला. नीलम म्हणाली, "सर, हिला तीन आठवड्यांपूर्वी रक्ताची हगवण होती. नमुना मी घेतलाय. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय वाढलाय." आणि फोनवर थाळीचा फोटो दाखवला. तो पोरगा उठून आत गेला आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या हॉस्पिटलच्या?" ती म्हणाली, "मी हॉस्पिटलची नाही सर. जनावरांची डॉक्टर." त्यांनी स्वतःची खुर्ची तिच्याकडं सरकवली. "बसा. पहिल्यापासून सांगा."

तिनं सांगितलं, त्यांनी ऐकलं. मी दाराशी उभी होते.

मला नंतर तिनं समजावलं. अंगातले राखणदार या जंतूला मारायला उठतात. जंतूचं पांघरूण आणि आपल्या नसांचं पांघरूण काही जणांत सारखं दिसतं. राखणदार फसतात आणि जंतू मेल्यावर आपल्याच नसांवर धावून जातात. हजारात एखाद्यालाच होतं. लवकर ओळखलं तर औषध आहे, शिरेतून द्यायचं. त्याच संध्याकाळी सुरू झालं. मोठे डॉक्टर बानूबाईला म्हणाले, "नेमकं काय झालंय ते शोधण्यात आमचे दोनतीन दिवस गेले असते. ते या मॅडमनी वाचवले."

चंदा अजून तिथंच आहे. आम्ही कालच परत आलो. नीलमला नवीन चष्मा करायला टाकला, जुना पडला कुठंतरी.

आई


परभणी
९ मे २०२४

सिद्धोधन,

तर तुझ्यापर्यंत तो व्हिडिओ आला. ताडकळसच्या कोणीतरी पाठवला असेल. हो, चष्मा पडला नव्हता. कोणीतरी ढकललं, ती झेंड्याच्या कट्ट्यावर आपटली, काच भुवईत गेली. दोन टाके पडले, ते पण नांदेडला, चंदाला आत नेल्यावर. तोवर पदरानं दाबून बसली होती. तुला लिहिलं नाही, कारण मला माहीत होतं तू काय लिहिशील, आणि तू तेच लिहिलंस. "दोघी तिथून निघा. मी आधीच सांगितलं होतं."

काय सांगितलं होतंस? तू म्हणाला होतास, लोक हसतील. हसले नाहीत. ढकलून दिलं. आणि ज्याच्या माणसांनी ढकललं त्याचीच पोरगी तिनं जीपमध्ये घालून नेली. मी तुझ्या जागी असते तर ऑफिसात टेबलावर उभी राहून सांगितलं असतं.

चंदाचं विचारलंस, ते बरं केलंस. मधे चार दिवस श्वासाला मशीन लावलं होतं. त्या चार दिवसांत नीलम जेवली नाही म्हटलं तर चालेल. लॅबमध्ये जायची, थाळ्या बघायची, यायची, फोन उशाशी. एकदा मला म्हणाली, "आत्या, मी तेव्हाच घरच्यांना सांगायला पाहिजे होतं का, पायाला मुंग्या आल्या तर लगेच या म्हणून? हजारात एकाला होतं म्हणून कोणी सांगत नाही." मी म्हणाले, आता सांगत जा. तेव्हापासून डबी घेतली की ती हे सांगते.

परवा मशीन काढलं. बानूबाईचा फोन आला. रडत होती, मला आधी कळेचना रडायचं कारण कोणतं. मग म्हणाली, "बाई, अंगठा हलवला. डाव्या पायाचा. मी सोता पाहिला."

आणखी एक. चंदाच्या पोटातला जंतू आणि टोपलीखालचा जंतू यांची नीलमनं मोठ्या लॅबकडून तपासणी करून घेतली. दोघांची जातकुळी एकच निघाली. रिपोर्ट आला तेव्हा ती म्हणाली, "आत्या, माणसाची काढू नये, पण जंतूची जात काढावीच लागते." बऱ्याच दिवसांनी हसली.

आई


परभणी
१८ ऑगस्ट २०२४

सिद्धोधन,

पंधरा ऑगस्टला ताडकळसच्या शाळेत झेंडावंदन झाल्यावर नीलमला बोलायला बोलावलं होतं. बोलावणं घेऊन तात्याराव स्वतः परभणीला आले होते. आपल्या या खोलीत, त्या दुसऱ्या गादीवर बसले, चहा प्याले. पाणी प्याले. निघताना म्हणाले, "त्या दिवशी बोललो ते मागं घेतो. माणूस घाबरलं की तोंडाला येईल ते बोलतंय." नीलम म्हणाली, "तुम्ही ढकललं नव्हतं." ते म्हणाले, "थांबवलं बी नव्हतं."

शाळेत मला व्यासपीठावर खुर्ची होती. तीस वर्षांत त्या शाळेत मी सतरंज्या घातल्या, खुर्चीवर पहिल्यांदा बसले.

नीलमनं भाषण केलं नाही, बोलल्यासारखं बोलली. पिल्लं घरात चुलीपाशी का नको, बकरीचं दूध पोरांना कच्चं का नको, कोंबडी कापल्यावर त्याच सुरीनं कांदा का कापू नये. तुम्ही घाणेरडे आहात असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली, "कोंबड्या पाळा, बकऱ्या पाळा, तुमचं पोट त्याच्यावर आहे. फक्त त्यांच्या पोटातलं आपल्या पोटात येऊ देऊ नका." मेंढरवाल्या बायका पुढं बसल्या होत्या. बानूबाईनं मधेच उठून सांगितलं, आमी टोपली बाहेर नेली, साबण दाराशी ठिवला, माझ्या घरी येऊन बघा. कोणी सांगितलं नव्हतं तिला उठायला.

मग चंदा आली. चालत. एका हातानं भुजंगचं बोट धरलेलं, पाय जरा फेकत टाकते, पण चालत. व्यासपीठाची पायरी चढताना भुजंग उचलायला वाकला तर म्हणाली, "सोड." नीलमजवळ जाऊन उभी राहिली आणि माइक चालूच होता, म्हणून सगळ्या गावाला ऐकू गेलं.

"मॅडम, माज्या पोटातलं पाखरू अजून हाय का तुमच्याजवळ?"

दवाखान्यात नीलमनं तिला तो फोटो दाखवला होता.

"आहे ना. बर्फापेक्षा गार पेटीत झोपलंय."

"मंग त्याला उठवू नका."

गाव हसलं. नीलम हसली नाही. खाली बसली, चंदाचा पाय मांडीवर घेतला आणि सगळ्यांदेखत तिच्या गुडघ्याखाली टपली मारली. पाय जरासा उडाला. थोडासाच, पण उडाला. नीलमनं चष्मा काढून पुसला आणि पुसतच बसली. मी तिच्याकडं बघू शकले नाही. समोर झेंड्याकडं बघत राहिले.

पेपरात फोटो आला, तो तुझ्या ऑफिसात फिरला म्हणतोस. "माझी मिसेस आहे" असं तू सगळ्यांना सांगितलंस म्हणतोस. चांगलं केलंस. मला ते वाचून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आपल्या माणसाचा अभिमान उशिरा वाटला तरी वाटावा.

पण पुढं लिहिलंस, "मी तिला परत घ्यायला तयार आहे. इथं नागपूरला वस्तीत सत्कार ठेवलाय, मी न्यायला येतो." हे मी तीनदा वाचलं. परत घ्यायला म्हणजे काय रे? शेजारी उसनी दिलेली परात आहे का ती? तिला टाकलं कोणी होतं? तू निघून गेलास, ती इथंच होती, रोज सकाळी उठून कामाला जात होती.

आणि सत्कार कोणाचा ठेवलाय? पेपरातल्या फोटोचा का? त्या फोटोत ती झेंड्याखाली, हार घालून उभी आहे. ज्या कामासाठी हार घातला ते काम अजून आतड्याचंच आहे, शीचंच आहे. तुझ्या पाहुण्यांनी विचारलं, मॅडम पिशवीत काय, तर ती आजही तेच उत्तर देईल. त्या वेळी तुझा चेहरा कसा होणार, त्याचा आधी विचार कर.

मला लिहून उपयोग नाही. मी तुझी आई आहे, मी तुला कधीच माफ करून बसले. तिला लिही. मी निरोप्या होणार नाही. तुझी पत्रं आली-गेली हे मी तिला आता सांगितलं आहे. ती म्हणाली, "मला माहीत होतं. पोस्टाचं तिकीट माझ्याच ड्रॉवरमधून जायचं."

आई


परभणी
६ ऑक्टोबर २०२४

सिद्धोधन,

नीलमला तुझं पत्र आलं. काय लिहिलंस ते मी विचारलं नाही. तिनं दारात उभ्यानंच वाचलं, मग आत बसून पुन्हा वाचलं, मग कामाला गेली. त्याला आठ दिवस झाले.

मधे तिचा प्रबंध कॉलेजात जमा झाला. राजेश्री मॅडमनी पुढच्या कामासाठी तिला इथंच ठेवून घेतलं आहे. आता जिल्हाभर फिरायचं, प्रत्येक तालुक्यातून नमुने. नांदेडचे ते मोठे डॉक्टर या कामात सोबत आहेत. हगवणीनंतर पाय गेलेलं लेकरू आलं की ते पहिला फोन नीलमला करतात. माणसांचा डॉक्टर जनावरांच्या डॉक्टरला विचारतो. हे लिहिताना माझा हात जरा जास्त दाबला गेलाय, पलीकडून उमटलं असेल.

काल रात्रीच्या भाकरी करताना ती आपण होऊन म्हणाली, "आत्या, त्यांना कळवा. न्यायला येत असतील तर येऊ नका म्हणावं, मला काम आहे. बघायला येत असतील तर मंगळवारी या. मंगळवारी मी चारठाण्याला असते."

मी म्हणाले, "तूच का कळवत नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही लिहिलं तर ते येतील. मी लिहिलं तर नुसता विचार करतील."

म्हणून हा निरोप. चारठाण्यात देवळाच्या मागं खाटकाची दुकानं आहेत, तिथून सुरुवात करायची, मग बकरीवाल्यांच्या वाड्यांवर. उन्हाचं दिवसभर फिरणं आहे. वास येतो. ऑफिसचे बूट घालून येऊ नकोस.

जिंतूरकडची एसटी सकाळी लवकर सुटते. मी पुढं बसते, नीलम खिडकीशी बसते. तिच्या शेजारची जागा कोणी कोणासाठी धरून ठेवत नसतं. वेळेवर ये आणि तुझी तू धर.

आई